आराखड्यातला माणूस

प्रकल्पाचे काम करणारी दोन तऱ्हांची माणसे नरसी नामदेवला एकाच दिवशी भेटायची असतील, तर परतवारीला यावे. आषाढी करून पंढरपूरहून परतलेले वारकरी वद्य एकादशीला संत नामदेवांच्या या जन्मगावी येतात, कयाधूचा काठ माणसांनी भरून जातो, आणि नोकरीसाठी पुण्या-हैदराबादला गेलेली आसपासच्या गावांतली मुलेही त्या निमित्ताने घरी येतात. त्यातली बरीच आता पस्तिशी-चाळिशीला आली आहेत. हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात कुणी प्रोजेक्ट मॅनेजर आहे, कुणी डिलिव्हरी लीड. त्यांच्याच वर्गात शिकलेली दुसरी मुलेमुली जिल्ह्यातच राहिली. शासनाच्या नाहीतर संस्थांच्या प्रकल्पांत ती तालुका व्यवस्थापक, प्रभाग समन्वयक, समूह सहाय्यक अशा पदांवर आहेत. दोघांच्या पगारात मोठे अंतर आहे, राहणीतही आहे. पण निवांत बोलायला बसली की दुखणे एकच निघते. रात्री झोप लागत नाही. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. फोन वाजला की धस्स होते. ज्या कामासाठी एकेकाळी जीव टाकला, त्याच कामात आता मन लागत नाही.

ही पुस्तिका त्या दुखण्याविषयी आहे. तिला प्रस्तावना लिहिताना मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. प्रकल्प चालवणारा माणूस कोलमडतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या कामाचा आराखडा त्याच्या आधी कोलमडलेला असतो. आराखड्यात पैसा असतो, तारखा असतात, उद्दिष्टे असतात. हे सगळे पुरे करणाऱ्या माणसाची ताकद किती, ती कधी संपेल आणि संपली तर काय करायचे, याला मात्र रकाना नसतो. तो रकाना हवा. माणसाच्या स्वभावात दोष शोधण्याआधी तो कागद उघडून पाहायला हवा.

आमचा हिंगोली जिल्हा लहान. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा. पण प्रकल्पांची इथे वाण नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात राज्यातले पंधरा जिल्हे आणि पाच हजारांहून जास्त गावे आली, त्यात हिंगोली होते. महिला बचत गटांचे ‘उमेद’ अभियान २०११ पासून चालू आहे. २०१९ मध्ये जल जीवन मिशन आले. आणि औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या. तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ ची, २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ ची, आणि पूर्ततेचे उद्दिष्ट २०३० चे. म्हणजे जो अभियंता तिशीत या कामाशी जोडला गेला, तो चव्वेचाळिशीत ते पुरे झालेले पाहणार. एवढ्या लांबच्या पल्ल्यात सिमेंट, पोलाद आणि यंत्रे टिकतील याची काळजी घेणारे लोक असतात. माणसे टिकतील याची काळजी कोणाच्या नावावर लिहिली आहे, हा प्रश्न मला अशा प्रत्येक कामाबद्दल विचारावासा वाटतो.

या दुखण्याला बर्नआउट म्हणतात. त्याचा अभ्यास जिथे सुरू झाला ती जागा लक्षात घेण्यासारखी आहे. न्यूयॉर्कमध्ये गरिबांसाठी चालवलेल्या मोफत दवाखान्यात हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ काम करत होते. स्वतःच्या मर्जीने, तळमळीने आलेले स्वयंसेवक काही महिन्यांत चिडचिडे, कोरडे आणि निरुत्साही होताना त्यांनी पाहिले. स्वतःचीही तीच गत झालेली त्यांना दिसली. त्यावरचा त्यांचा लेख १९७४ चा. पुढे ख्रिस्तिना मास्लाख यांनी सुझन जॅक्सन यांच्याबरोबर १९८१ मध्ये हे दुखणे मोजण्याची प्रश्नावली तयार केली, ती आजही जगभर वापरतात. त्यांच्या मांडणीत याला तीन अंगे आहेत. पहिले, विश्रांतीने न जाणारा शीण. दुसरे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्या माणसांबद्दलच मनात येणारा कोरडेपणा, तुसडेपणा. तिसरे, आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद केली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. त्यात याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी ती अवस्था आहे, असे तिथे म्हटले आहे. सगळ्या मुद्द्याची मेख इथेच आहे. ताण कामाच्या ठिकाणी तयार होतो, तर तो हाताळण्याची पहिली जबाबदारीही कामाच्या ठिकाणाची.

आता प्रकल्पाच्या माणसालाच हे जास्त का ग्रासते? शेतात, दुकानात, शाळेतही माणसे दमतात. पण प्रकल्प व्यवस्थापकाची जागाच अवघड आहे. त्याच्याकडे जबाबदारी पुरी असते आणि अधिकार अर्धाही नसतो.

गावपातळीवरचे उदाहरण घेऊ. शेतकऱ्याने ठिबकसाठी ऑनलाइन अर्ज केला. कागदपत्रे तपासायची, शेतात जाऊन पाहणी करायची, पूर्वसंमती मिळवून द्यायची, खरेदी झाल्यावर देयक चढवायचे, जागेवरचा फोटो अक्षांश-रेखांशासह काढायचा, मग अनुदान त्याच्या खात्यात. या साखळीत सर्व्हर समूह सहाय्यकाच्या हातात नाही, निधी त्याच्या हातात नाही, मंजुरीची सही त्याच्या हातात नाही, पाऊसही नाही. पण पैसे आले नाहीत म्हणून पारावर जाब विचारला जातो तो त्यालाच, आणि साप्ताहिक व्हीसीमध्ये तालुक्याची प्रगती कमी का, हेही त्यालाच. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन आचारसंहिता एकाच वर्षात आल्या. नव्या मंजुऱ्या थांबल्या. मार्चअखेर मात्र जागची हलली नाही. जे महिने गेले त्यांचे काम उरलेल्या महिन्यांत कोंबायचे, आणि ते कोंबणारी माणसे तीच आणि तेवढीच.

पुण्यातल्या मुलाचे काम वेगळे दिसते, पण घडण तीच. तारीख विक्री विभागाने ग्राहकाला आधीच देऊन ठेवलेली असते. माणसे किती मिळणार हे वरचे ठरवतात. त्यातला एक चांगला जण मध्येच राजीनामा देतो. सकाळी साडेनऊला आपल्या टीमची बैठक, आणि ग्राहक अमेरिकेत असल्यामुळे रात्री साडेआठ-नऊला त्याचा दिवस उजाडला की त्याच्याशी कॉल. असा दिवस दोन्ही टोकांनी ओढला जातो. मधली दुपार मोकळी असते असे कागदावर दिसते, प्रत्यक्षात ती कधीच मोकळी नसते. ग्राहकाचा राग खालच्या पोरांपर्यंत पोचू नये म्हणून तो स्वतः झेलायचा, आणि पोरांची अडचण वर सांगताना ती ‘कारणे’ ठरू नये म्हणून गिळायची. मधल्या माणसाचे हे गिळणे कुठल्याच टाइमशीटवर येत नाही.

त्यात आणखी एक दुःख आहे. प्रकल्प वेळेवर झाला तर तो आपोआप झाला असे सगळ्यांना वाटते. रखडला तर व्यवस्थापकाचे नाव निघते. मास्लाख आणि मायकेल लायटर यांनी माणूस आणि काम यांचे जिथे जुळत नाही अशा सहा जागा सांगितल्या आहेत: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, केल्याचा मोबदला आणि शाबासकी, सहकाऱ्यांची साथ, न्याय, आणि मूल्ये. आपण सारे बोलतो ते पहिल्याबद्दलच, की काम फार आहे. माझ्या पाहण्यात माणूस बोजा पुष्कळ उचलतो. तो खचतो ते ताबा नसल्याने आणि न्याय होत नाही असे वाटल्याने. कंत्राटी माणसाला हे जास्त लागते. आदेशाची मुदत संपत आली की नूतनीकरण होईल की नाही याची टांगणी, आणि त्याच महिन्यांत उद्दिष्टपूर्तीचा धडाका. ‘उमेद’च्या महिला आणि कर्मचारी २०२४ मध्ये मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या, त्यांच्या मागणीतही नोकरी कायम करण्याचा मुद्दा होता. मी त्याला बर्नआउटच्या प्रश्नापासून वेगळा मानत नाही. उद्याची शाश्वती नसलेल्या माणसाला आज विश्रांती घेता येत नाही.

बायकांच्या बाबतीत तर दिवस संपतच नाही. प्रभागात दहा गावे फिरून आलेल्या समन्वयक ताईंना घरी कोणी पाण्याचा तांब्या घेऊन उभे नसते. स्वयंपाक आटोपून, मुले झोपवून त्या अहवाल भरायला बसतात.

हे ओळखायचे कसे? पुस्तिकेच्या पहिल्या भागात लक्षणांची सविस्तर चर्चा आहे. झोप, डोकेदुखी, पित्त, मान धरणे, तंबाखू किंवा दारू वाढणे ही लक्षणे घरच्यांना आधी दिसतात. मला इथे प्रकल्पाच्या कामातच उमटणाऱ्या खुणांकडे लक्ष वेधायचे आहे, कारण त्या वरिष्ठांना टेबलावर बसून दिसू शकतात आणि तरी दिसत नाहीत.

थकलेल्या माणसाचा अहवाल बिघडत नाही, उलट तो फार नीटनेटका होऊ लागतो. आधीच्या महिन्यांत त्यात अडचणी असायच्या, प्रश्न असायचे, ‘अमुक गावात विरोध आहे, भेट हवी’ असे काही असायचे. आता सगळे रकाने भरलेले, सगळे हिरवे. अडचण लिहिली की तिच्यावर खुलासा द्यावा लागतो, आणि खुलासा देण्याचे त्राण उरलेले नसते. दुसरी खूण बोलण्यात येते. शेतकऱ्यांची, बचत गटातल्या बायांची, टीममधल्या पोरांची नावे जातात आणि ‘लाभार्थी’, ‘केस’, ‘रिसोर्स’ उरतात. तिसरी, माणूस कठीण फोन टाळतो आणि सोप्या कामात दिवस घालवतो. एक्सेलचे रंग ठीक करत बसतो. चौथी, रजा शिल्लक पडत जाते. वर्षभर एकही रजा न घेणाऱ्याचे आपल्याकडे कौतुक होते. ते थांबवावे, आणि त्याला विचारावे की रजेवर गेलास तर मागे काय कोसळेल अशी तुला भीती आहे? त्याच्या उत्तरात प्रकल्पाची खरी स्थिती कळते. पाचवी खूण चांगल्या माणसाच्या गप्प होण्याची. बैठकीत जो वाद घालायचा तो आता मान हलवतो. वरिष्ठांना वाटते, समजूतदार झाला. त्याने आशा सोडलेली असते.

एक सावधगिरी हवी. सगळा शीण बर्नआउटचा नसतो. रक्त कमी असणे, थायरॉइड, मधुमेह, बी-१२ ची कमतरता यांनीही माणूस असाच गळून जातो, म्हणून आधी रक्त तपासून घ्यावे. आणि नैराश्य हा वेगळा आजार आहे. कामापासून दूर गेल्यावरही कशातच गोडी वाटत नसेल, परतवारीला घरी येऊन, लेकरांत बसूनही मन उठत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ती डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आहे आणि ती पुढे ढकलू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते, मराठीतही बोलता येते.

उपायांकडे वळू. अखंड हरिनाम सप्ताह मराठवाड्यात गावोगाव होतात, नरसीच्या माणसाला तर ते सांगायलाच नको. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पण ती घेऊन कुणी एकटा सात दिवस उभा राहत नाही. पहाऱ्याची यादी सप्ताहाआधीच होते, कोण किती वाजता उभा राहणार आणि त्याच्या हातून वीणा कोण घेणार हे ठरलेले असते, रात्रीचे पहारे तरुणांकडे जातात, म्हाताऱ्यांना झेपतील त्या वेळा देतात. पुढचा पहारेकरी आला नाही तर ते उभ्या असलेल्याचे नशीब, असे कुणी म्हणत नाही. गावकरी धावतात आणि माणूस उभा करतात. आपल्या प्रकल्पांत मात्र काम अखंड हवे असते आणि पहाऱ्याच्या यादीत एकच नाव असते.

म्हणून प्रत्येक जबाबदारीपुढे दुसरे नाव हवे, आणि ते पहिल्या दिवसापासून हवे. काम बोंबलल्यावर माणसे ओतून भागत नाही. फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांबद्दल सांगून ठेवले आहे की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो. सिंचनाच्या कामालाही ते लागू आहे. दुसरे नाव म्हणजे चैन नव्हे. ज्याला कामाची माहिती आहे, ज्याच्याकडे लॉगिन आहे, ज्याला गावात ओळखतात असा तो माणूस. मग पहिल्याला आठवडाभर खरोखर सुटी घेता येते, फोन बंद ठेवून.

फोनचा विषय निघालाच आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये उभी केली, आणि सहा वर्षे झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळवली. ती सुटी मराठी माणसांनी रस्त्यावर उतरून कमावलेली आहे. ती आज व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘माहिती तातडीने सादर करावी’ या एका ओळीने रविवारी सकाळी काढून घेतली जाते, याचे मला मनापासून दुःख होते. आणि कायदाही इथे फार मदतीला येत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तासांच्या मर्यादा आहेत, पण व्यवस्थापकीय पदावरची माणसे त्यातून वगळलेली आहेत. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तसे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले; त्याचा कायदा झाला नाही. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या लेखा कंपनीत रुजू होऊन काही महिनेच झालेल्या सव्वीस वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला, आणि तिच्या आईने कामाच्या बोजाविषयी कंपनीला लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. चार आठवडे चर्चा झाली. त्यानंतर काही महिन्यांतच आठवड्याला नव्वद तास काम करण्याचे सल्ले पुन्हा ऐकू आले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासात, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला. सल्ला देणाऱ्यांनी हे आकडे समोर ठेवावेत.

संस्था याच्यावर काय करतात? बहुधा ताणमुक्तीची अर्ध्या दिवसाची कार्यशाळा. प्राणायाम चांगला, मीही करतो. पण कार्यशाळेहून परतलेल्या माणसाच्या टेबलावर त्या अर्ध्या दिवसाचे काम वाढून बसलेले असेल, तर ती कार्यशाळा त्याच्यावरचा आणखी एक बोजा ठरते. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांतही संस्थेने कामाची रचना बदलणे आणि व्यवस्थापकांना प्रशिक्षण देणे यांवर भर आहे. माणसाला घट्ट करण्याआधी काम सैल करा, असा त्याचा रोख मी समजतो.

काम सैल करणे म्हणजे उद्दिष्ट सोडणे नव्हे. वरून नवे काम आले की ‘हे करतो, पण मग यातले कोणते पुढे ढकलू?’ असे लेखी विचारण्याची रीत पाडणे, आणि तसे विचारणाऱ्याला आडमुठा न ठरवणे. आराखड्यात पावसाचे, आचारसंहितेचे, सर्व्हर बंद असण्याचे दिवस आधीच धरणे. एक प्रकल्प संपला आणि दुसरा सुरू झाला यांच्यामध्ये माणसाला श्वास घ्यायला पंधरवडा देणे. आणि जो आधीच जळून गेला आहे त्याला रजेनंतर त्याच खुर्चीत, त्याच यादीसह परत न बसवणे. या चारही गोष्टींना पैसा लागतो, हे मी लपवत नाही. पण अनुभवी माणूस सोडून गेल्यावर नवा येऊन गावे ओळखायला लागेपर्यंत एक हंगाम जातो, त्याचीही किंमत कुणीतरी भरतेच, आणि बहुतेक वेळा ती शेतकरी भरतो.

पुस्तिका एका दमात वाचायची नाही. लक्षणांचा भाग घरच्यांबरोबर वाचा. नवरा, बायको, आई यांना आपल्याआधी कळलेले असते. वरिष्ठांसाठीचा भाग वरिष्ठांच्या हातात द्या, आणि तो देण्याची भीती वाटत असेल तर दोघातिघांनी मिळून द्या. शेवटी तक्त्याचे एक पान कोरे ठेवले आहे. वार्षिक कृती आराखडा तयार कराल त्या आठवड्यात ते काढा, डावीकडे कामे लिहा, त्यापुढे ती करणाऱ्याचे नाव, त्यापुढे तो नसताना करणाऱ्याचे. दुसरे नाव सापडत नसेल तिथे उगाच कुणाचे नाव घालू नका. तो चौकोन कोराच ठेवा आणि पान आराखड्याला जोडून जिल्हा कार्यालयाला पाठवा, पोच घ्या, आणि पुढच्या आढावा बैठकीत पहिला प्रश्न त्या कोऱ्या चौकोनांवर विचारा.